परत आलेला पेला

राजापेठेच्या मागच्या बाजूला, शिकवणी वर्गांच्या पाट्या संपतात तिथून आत वळलं की एक लहानसं चर्च लागतं. पत्र्याचं छप्पर, साठेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दर्शनी भिंतीवर निळ्या रंगातली ठळक अक्षरं: रविवार हा विसाव्याचा दिवस. रंगवणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसते, अक्षरं सुबक आहेत. त्याच भिंतीच्या मागे स्वयंपाकाची शेड आहे. तिथे दर रविवारी सकाळी सहा वाजल्यापासून शकुन वानखडे उभी असते.

शकुन सेहेचाळीस वर्षांची. माहेर अंजनगाव सुर्जीचं, बाप पानमळ्यात राबणारा. नवरा प्रभुदास एका शाळेत हेडक्लार्क आणि मंडळीचा, म्हणजे या चर्चच्या सभासदांचा, सेक्रेटरी. थोरली पिढी म्हणजे सासू गंगूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचं दुखणं. मुलगी करिश्मा अकोल्याला नर्सिंग शिकते. चार माणसांचं घर, त्यातलं एक वसतिगृहात. लोक म्हणतात, काम असून असून किती असणार.

या मंडळीत एक चांगली रीत आहे. रविवारची उपासना झाली की सगळ्यांनी एकत्र जेवायचं, याला प्रीतिभोजन म्हणतात. मंडळी आठ घरांची होती तेव्हा घरं पाळीपाळीने स्वयंपाक करायची. पुढे कुणाची नोकरी आड आली, कुणाचे गुडघे, आणि पाळी फिरत फिरत वानखडेंच्या घरी येऊन बसली ती उठलीच नाही. आधी गंगूबाईने पंचवीस वर्षं रांधलं, मग शकुनने. "वानखडेंच्या घरच्या हाताला चव आहे," असं पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एकदा वेदीवरून म्हटलं, आणि त्या एका वाक्यात सगळ्या मंडळीची सुटका झाली. माणसाला बांधून ठेवायला दोरी लागत नाही, कौतुक पुरतं. हे मी रागाने लिहितो आहे आणि तो राग लपवायची मला गरज वाटत नाही.

बरं, रविवार एकटा येत नाही. बुधवारी वानखडेंच्या हॉलमध्ये प्रार्थनेची सभा, म्हणजे वीस कप चहा. शुक्रवारी बायकांची उपासाची प्रार्थना, तीही इथेच, कारण हॉल मोठा. बाहेरगावचा कुणी उपदेशक आला की त्याचा बिछाना यांच्याकडे, कारण सेक्रेटरीचं घर. शिवाय प्रभुदासचा डबा, सासूचं इन्सुलिन, सासूचं पथ्य. यातलं एकही काम मोठं नव्हतं. म्हणून तर तक्रार करायला शकुनला कधी जागा सापडली नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आणखी एक काम वाढायचं. त्या दिवशी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकत्र घ्यायचा. ती भाकर शकुन भाजायची. काळ्या मनुका उकळून, गाळून रसही तीच करायची, आणि भोकं पाडलेल्या लाकडी तबकांत बसवलेले साठ इवलेसे काचेचे पेले चहाच्या छोट्या किटलीने तीच भरायची. पण ते तबक खुर्च्यांमधून फिरायचं तेव्हा शेडमध्ये पोळ्यांचा तवा तापलेला असायचा. सुरुवातीला कुणीतरी तिचा पेला मागच्या दारात आणून द्यायचं, मग तेही राहून गेलं. उपासना संपली की तबकं धुवायला परत यायची. एकोणसाठ पेले रिकामे, एक भरलेला. तो तिचा. तो ती एकटीने उभ्या उभ्या पिऊ शकली असती. पण त्याला प्रभुभोजन म्हणत नाहीत. ती तो पेला बेसिनमध्ये उपडा करायची आणि बाकीच्यांबरोबर धुवायची.

असे वीस महिने गेले.

थकवा एकदम येत नाही. आधी शकुनचे शब्द हरवायला लागले. सांडशी हातात असायची आणि तिला त्या वस्तूचं नाव आठवायचं नाही. मग गॅस चालू राहायला लागला. मग ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून उलट्या बादलीवर पाच मिनिटं नुसती बसायला लागली, कारण अख्ख्या घरात आतून कडी लावता येईल असं तेवढं एकच दार होतं. कांदे चिरायचे राहिलेत एवढ्यावरून रडू यायचं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की झोप यायची, आणि झोपेतून दचकून उठली की पाप केल्यासारखं वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विश्वास कमी पडतो असंच म्हटलं असतं, आणि ते तिने स्वतःलाच आधी म्हणून ठेवलं होतं.

करिश्मा दिवाळीच्या सुटीत घरी आली तेव्हा तिने आईचं डोळ्याखालचं कातडं बोटाने खाली ओढून पाहिलं. आतली कड पांढरी फटक होती. दुसऱ्या दिवशी ती आईला रक्त तपासायला घेऊन गेली. हिमोग्लोबिन सातच्या खाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या तपासण्या सांगितल्या आणि महिनाभर सक्तीची विश्रांती लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. असंच चाललं तर चुलीपुढेच पडाल, असंही बजावलं.

प्रभुदास वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. त्याने कागद दोनदा वाचला, त्याचा चेहरा उतरला. महागड्या टॉनिकच्या दोन बाटल्या त्याच दिवशी आणल्या. विश्रांतीचं काय, असं करिश्माने विचारलं तेव्हा तो म्हणाला की आता ख्रिसमस तोंडावर आहे, तेवढा निघू दे, मग बघू. आणि त्याला सुचली ती सगळ्यात मोठी मदत त्याने केली. त्याने मंडळीला शकुनसाठी प्रार्थनेची विनंती केली.

त्याप्रमाणे शुक्रवारी अकरा बाया आल्या. शकुनला मध्ये बसवून, डोक्यावर हात ठेवून त्यांनी पाऊण तास प्रार्थना केली. त्यातल्या रागिणी नावाच्या एकीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग शकुन उठली आणि तिने अकरा जणींचा चहा केला. जाताना सगळ्यांनी तिला आराम कर म्हणून सांगितलं. कपबशा तिने विसळल्या.

गंगूबाईला हे सगळं नाटक वाटत होतं. "आमाले काहून नाई झाला थकवा?" ती करिश्माला म्हणाली. "पंचवीस वरसं मी चुलीवर रांधलं, गॅस बी नव्हता. तुया मायले कागद दाखवला तवा थकवा आला."

करिश्मा काही बोलणार होती, आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं. सुटी संपली. अकोल्याच्या बसमध्ये बसताना पोरीने आईचा हात सोडला नाही. पण बस कुणासाठी थांबत नाही, आणि नर्सिंगची परीक्षा तोंडावर होती.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. आदल्या दिवशी शकुनने मनुकांचा रस करून एका गंजात झाकून ठेवला. वांग्याच्या भाजीसाठी चिंचेचा कोळ काढला, तो दुसऱ्या गंजात. दोन्ही गंज एकाच मापाचे, लग्नात आलेले, स्टीलचे. चिंच जुनी होती, कोळ काळा निघाला होता. रविवारी शेडमध्ये शकुनने एक झाकण उघडलं, किटली भरली आणि साठ पेले एकेक करून भरले. हाताला सवय होती. डोळे उघडे होते, पण त्यांच्यामागे कुणी जागं नव्हतं.

आत पाळकांनी पेला उचलला, आशीर्वाद मागितला, आणि मंडळीने डोळे मिटून एकदम घोट घेतला.

पवित्र गोष्टीपुढे थुंकता येत नाही. पाळकांनी आवंढा गिळला. पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याला ठसका लागला आणि तो बराच वेळ चालला. बायकांच्या बाजूला रागिणीने पदर तोंडाला लावला. गाणं सुरू झालं ते नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. तबकं शेडमध्ये परत आली तेव्हा शकुनने एकमेव भरलेला पेला बेसिनमध्ये उपडा केला आणि तिला चिंचेचा वास आला. ती वळली. शेगडीवर वांग्याची भाजी रटरटत होती, आणि तिच्यात अख्खा गंजभर द्राक्षरस पडलेला होता.

त्या दिवशी साठ माणसांनी गोड भाजी मुकाट्याने खाल्ली. ही गोष्ट हसण्यासारखी आहे. ज्याला हसू येईल त्याने हसावं, शकुनलाही एखाद्या चांगल्या दिवशी आलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी मंडळीचे पंच बसले. कुठे, तर वानखडेंच्या हॉलमध्ये. पाळक, चार पंच आणि सेक्रेटरी म्हणून प्रभुदास. शकुनच्या चुकीचा विचार चालला होता, आणि शकुन आत त्यांच्यासाठी चिवडा काढत होती. ट्रे घेऊन ती बाहेर आली की सगळे गप्प व्हायचे, कप उचलायचे, "जय ख्रिस्त ताई" म्हणायचे. ती आत गेली की पुन्हा सुरू. दाराला पडदा होता फक्त, सगळं ऐकू येत होतं. एक जण म्हणाला की प्रभुभोजनाचा अवमान ही लहान गोष्ट नव्हे, असल्या हयगयीने मंडळीवर शिक्षा येते. दुसरा म्हणाला, बाईचं मन सेवेत नाही. पाळक सावकाश बोलणारे, भले गृहस्थ. ते म्हणाले की ती आजारी आहे हेही पाहावं. मग सगळ्यांनी तेही पाहिलं आणि निर्णय सौम्य केला. रविवारी तिने मंडळीसमोर उभं राहून माफी मागावी. तीन शुक्रवार उपास धरावा. आणि झालं गेलं विसरून तिला स्वयंपाकाच्या सेवेतून मात्र काढू नये, तिला वाईट वाटेल.

पडद्यामागे शकुनने ओट्याचा कठडा धरला. साठ माणसांचा स्वयंपाक तिच्याकडून काढून घेतला जाणार नव्हता. तिच्यावर दया केली गेली होती.

रात्रीच्या जेवणाआधी प्रभुदासने शाळेच्या कागदावर माफीनामा स्वतः लिहून काढला. त्याचं अक्षर मोत्यासारखं. तिला त्रास नको, फक्त वाचायचं, असं त्याला खरंच वाटत होतं. कागद छोटा होता. माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी प्रभूची आणि मंडळीची क्षमा मागते. आणि शेवटी: यापुढे मी अधिक झटून सेवा करीन.

शकुनने तो वाचला. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे वाक्य काढा न," ती म्हणाली.

"काहून? चांगलं तं हाये."

"मले नाई जमनार."

"अवो, म्हणायचंच तं हाये." प्रभुदासने चष्मा काढला. "मी सेक्रेटरी हावो, शकुन. माह्या घरातली बाई मंडळीसमोर अडून बसली तं मी तोंड कुठं दाखवू? वाच आन् मोकळी हो."

मोकळी हो, हा शब्द त्याने वापरला. शकुनने कागदाची घडी करून डब्यांच्या फळीवर ठेवली आणि सासूचं इन्सुलिन काढायला उठली. शुक्रवारी तिने उपास धरला, पण त्या दिवशीच्या बायकांचा चहा केला. शनिवारी पाच किलो कणीक चाळली. दर वेळी फळीकडे हात गेला की कागद दिसायचा. फोनवर करिश्माने नुसतं विचारलं, जेवलीस का, तर तिने विषय बदलून परीक्षेचं विचारलं. पळून जायला तिला कुठे जागा नव्हती. माहेरचा मळा केव्हाच गेला होता, आणि ही मंडळीच तिचं गणगोत होती. या माणसांनी तिला बाळंतपणात सांभाळलं होतं, सासऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. ती वाईट माणसं असती तर तिला सोपं गेलं असतं.

रविवारी वरण शिजवून, भात उतरवून, परातभर कणीक मळून ती वीस महिन्यांत पहिल्यांदा पुढच्या दाराने आत गेली. पदराला पीठ होतं. गंगूबाई नेहमीच्या जागी, तिसऱ्या ओळीत कडेला बसली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी. ती खुर्ची सुनेसाठी म्हणून धरून ठेवायची कधीकाळची पद्धत. सून येत नाही म्हटल्यावर तिथे पिशवी बसायला लागली होती.

पाळकांनी नाव घेतलं. शकुन पुढे जाऊन उभी राहिली, कागद उघडला. पहिलं वाक्य तिने वाचलं, आणि मनापासून वाचलं, कारण त्या घोटाचं तिला खरंच दुःख होतं. समोर बायकांनी माना हलवल्या. मग ती थांबली. इतका वेळ थांबली की प्रभुदास वेदीवरच्या खुर्चीत पुढे सरकला.

"खालचं वाक्य मी वाचत नाई," शकुन म्हणाली. "ते खोटं हाये. देवाच्या घरात खोटं काहून बोलू?"

तिने पदराचं पीठ झटकलं.

"मी थकली. लय दिवसांपासून थकली. तुमी सगळे म्हणता, इचा विश्वास कमी पडला. विश्वास नाई कमी पडला, रक्त कमी पडलं. डॉक्टरनं लिहून देलं, ते घरी हाये, पाह्यचं असन तं पाहा." तिने श्वास घेतला. "वीस महिने झाले, मी प्रभुभोजनाले बसली नाई. भाकर मी भाजली, पेले मी भरले. दर महिन्याले तबकात एक पेला भरलेला वापस येते. तो माहा हाये. इथं पंच हाये, पाळकसाहेब हाये, माहा नवरा हाये. कोणी पाह्यला काय?"

कुणी पाहिला नव्हता. साठ माणसांत एकालाही तो पेला दिसला नव्हता, आणि ते आता प्रत्येकाला एकदम कळलं. पाळकांनी मान खाली घातली. प्रभुदास भिंतीकडे पाहत होता.

"पुढच्या रविवारपासून मी रांधनार नाई," शकुन म्हणाली. "मी इथं बसनार." आणि कागदाची घडी करून तिने वेदीवर ठेवली.

पण बसणार कुठे, हा प्रश्नच होता. खुर्च्या साठ होत्या, माणसंही तेवढीच. कुणी हललं नाही. हलणं म्हणजे बाजू घेणं, आणि वेदीवर पंच बसले होते. शकुन मधल्या वाटेत उभी राहिली. मागचं दार उघडं होतं, त्यातून भाताचा वास येत होता. नेहमीच्या वाटेने निघून जाणं किती सोपं होतं. तिने एक पाऊल तिकडे टाकलंही.

तेव्हा तिसऱ्या ओळीत गंगूबाईने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

ती सुनेकडे बघत नव्हती, समोर बघत होती. तोंड नेहमीसारखंच आवळलेलं. शकुन येऊन बसली तेव्हा म्हातारीने हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हटलं, "मले बी नाई भेटला. पंचवीस वरसं."

लगेच सगळं गोड झालं, असं मी लिहिणार नाही. त्या दिवशी पोळ्या झाल्याच नाहीत, लोक वरणभात खाऊन गेले. बायका एकमेकींच्या कानाशी बोलत होत्या. शिस्त राहिली नाही म्हणून दोन घरं दुसऱ्या चर्चला जायला लागली. प्रभुदास चार दिवस बायकोशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी बोलला तो फक्त शाळेच्या किल्ल्यांबद्दल. ख्रिसमसला प्रीतिभोजन झालं नाही. पाळकांनी पाळीचा तक्ता दारावर लावला, त्यात पुरुषांसाठीही रकाने ठेवले. आठवडाभर तो कोराच राहिला. पहिली सही रागिणीची झाली. तिने तिच्या नवऱ्याचंही नाव घातलं, त्याला न विचारता. शकुनच्या गोळ्या चालू आहेत. न्हाणीघरातली बादली ती आता फक्त पाण्यासाठी वापरते असं म्हणते, पण करिश्माला ते अजून पुरतं खरं वाटत नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मनुका कुणी उकळल्या, ते शकुनने विचारलं नाही. सकाळी प्रभुदासच्या सदऱ्याच्या बाहीवर जांभळा डाग होता आणि ओट्यावर सांडलेलं होतं, ते तिने पुसलं नाही. तबक तिसऱ्या ओळीत आलं. गंगूबाईने घेतला, तिने घेतला. रस पाणचट होता, मनुका कमी पडल्या होत्या. शकुनने डोळे मिटले. या वेळी झोप आली नाही.

तबकं मागे गेली तेव्हा पेले धुवायला उभ्या असलेल्या प्रभुदासने ते मोजले. मग पुन्हा मोजले. भरलेला एकही परत आला नव्हता.

वाचकहो, तुमचं देऊळ कुठलंही असो, त्याला मागचं दार असेलच, आणि तुमच्या घरालाही. येत्या रविवारी ताटावर बसण्याआधी तिथे एकदा जा. जी उभी असेल तिला विचारा, तू शेवटची कधी बसलीस. तिला उत्तर द्यायला वेळ लागला, तर तुमचा घास तिथेच थांबवा.